रॉकेलचा हीटर: जपानात पहिला हिवाळा काढणाऱ्यांसाठी

जपानात नव्याने राहायला आलेल्या मराठी माणसाला थंडी बाहेरच्यापेक्षा घरात जास्त वाजते. बाहेर पडताना कोट, टोपी, हातमोजे सगळं चढवलेलं असतं. घरात मात्र पातळ भिंती, एकेरी काचेच्या खिडक्या आणि पायाखाली गारढोण लाकडी जमीन. उत्तरेचं होक्काइदो बेट सोडलं तर अख्खं घर तापवायची पद्धत तिथे फारशी नाही. ज्या खोलीत माणसं बसली आहेत तेवढी तापवायची, बाकी घर गारच. गरम हवा देणारा एसी असतो, पण नागानो, नीगाता, सेंदाईकडे पारा शून्याखाली उतरला की त्याला दम लागतो, आणि बाहेरच्या युनिटवर साचलेला बर्फ वितळवायला तो अधूनमधून चक्क थांबतो. मग कुणीतरी शेजारी सुचवतो, तोयूचा स्टोव्ह घ्या. तोयू म्हणजे रॉकेल.

रॉकेल म्हटल्यावर आपल्याला हायसं वाटतं. रेशनच्या रांगेतलं निळं तेल, वातीचा स्टोव्ह, पिन मारावी लागणारा पंपाचा स्टोव्ह, कंदील. चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांनी तो वास लहानपणी घेतलेला असतो. माझ्या मते ही ओळखच जरा नडते. आपल्या स्वयंपाकघराला कौलांच्या फटी होत्या, मागचं दार दिवसभर उघडं असायचं, धुराला जायला वाट होती. भीती होती ती भडक्याची. आजच्या जपानी हीटरमध्ये ज्योत हा सगळ्यात सांभाळलेला भाग आहे. घोटाळा होतो तो तेल विकत घेताना, टाकीत भरताना, आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून खिडकी घट्ट लावून घेताना. म्हणून ज्योतीबद्दल इथे थोडंच सांगतो, या तीन गोष्टींबद्दल जास्त.

त्याआधी एक कंटाळवाणं काम: भाडेकरार वाचा. शहरांतल्या पुष्कळ फ्लॅट्सच्या करारात रॉकेलच्या हीटरला मनाई असते. कळत नसेल तर एजंटला थेट विचारा. मनाई असेल तर विषय संपला, तिथे जुगाड नको.

कोणता हीटर घ्यावा

उचलून इकडून तिकडे नेता येतील असे हीटर मुख्यतः तीन तऱ्हेचे. पहिला वातीचा, मागे चकचकीत पत्रा असलेला. त्याची आच समोरच्या बाजूला फेकली जाते आणि तो भिंतीजवळ ठेवता येतो. दुसराही वातीचाच, पण गोल, चहूबाजूंनी तापणारा. तो मोठ्या खोलीत, मधोमध ठेवायचा. तिसरा फॅन हीटर. तो विजेवर चालतो, तेलाची वाफ करून जाळतो आणि पंख्याने गरम हवा खालून सोडतो. ठरवलेलं तापमान राखतो, प्राणवायू कमी झाल्याचं ओळखून बंद होतो, आणि बहुतेक मॉडेलं तीन तास कुणी बटण दाबलं नाही तर स्वतःच विझतात. होक्काइदोत भिंतीला पक्का बसवलेला, नळीने बाहेरची हवा घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा हीटर असतो. तो निराळा प्रकार आहे, या लेखातलं हवेबद्दलचं म्हणणं त्याला लागू नाही.

फॅन हीटर सोयीचा खरा, पण वीज गेली की तो नुसता डबा. मार्च २०११ च्या भूकंपानंतर तोहोकूत, म्हणजे ईशान्य जपानात, ऐन थंडीत वीज गेली, तेव्हा वातीचे साधे स्टोव्ह उपयोगी पडले. त्यांना फक्त पेटवायला बॅटरीचे सेल लागतात, आणि तेही संपले तर काडी पुरते. भूकंपाच्या देशात राहायचं तर एक वातीचा स्टोव्ह घरात असावा, असं माझं मत. ज्यांच्या घरात रांगणारं मूल आहे त्यांनी मात्र फॅन हीटर घ्यावा. वातीच्या स्टोव्हची वरची जाळी हात भाजण्याइतकी तापते, आणि भोवती लोखंडी कुंपण लावल्याशिवाय तो लहान मुलांच्या घरात ठेवूच नये.

सेकंडहँड घेताना एक पाहायचं. २००९ साली जपानने रॉकेलच्या हीटरना सुरक्षेच्या सक्तीच्या कायद्याखाली आणलं आणि एप्रिल २०११ पासून त्या कायद्याची पीएससी ही खूण नसलेला हीटर विकायला बंदी झाली. या नियमामुळे दोन चांगल्या गोष्टी आल्या. तेलाची टाकी बाहेर काढली की हीटर आपोआप विझतो, आणि टाकीचं झाकण नीट बसलं की ते आवाजाने, खुणेने किंवा हाताला कळतं. मायदेशी परतणारा कुणी जुना हीटर फुकट देऊ करत असेल, तरी आधी ती खूण शोधा. नसेल तर नम्रपणे नको म्हणा.

पंपावर: लाल डबा, निळी नळी

रॉकेल १८ लिटरच्या प्लास्टिकच्या डब्यात आणतात. हा १८ चा आकडा जुन्या जपानी मापातून आला आहे. तेल, साके मोजायचं ‘तो’ नावाचं माप होतं, ते जवळपास तेवढंच. भरलेला डबा साडेचौदा-पंधरा किलोचा होतो, म्हणजे लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने विचार करून घ्यावा. जमत नसेल तर हिवाळ्यात गल्लोगल्ली गाणं वाजवत फिरणाऱ्या तेलाच्या गाड्या असतात, त्या दारात भरून देतात.

आता रंगांची गंमत. गंमत म्हणायची खरी, पण याच ठिकाणी माणसं चुकतात. तोक्योच्या बाजूला रॉकेलचा डबा बहुधा लाल असतो, ओसाकाकडे निळा. सेल्फ सर्व्हिस पंपावर नळ्यांचे रंग मात्र देशभर ठरलेले आहेत: साधं पेट्रोल लाल, महागडं हाय-ऑक्टेन पिवळं, डिझेल हिरवं आणि रॉकेल निळं. म्हणजे तोक्योत लाल डब्यात निळी नळी घालायची. ‘लालमध्ये लाल’ असं डोळ्यांना वाटलं तर ते पेट्रोल आहे. अमेरिकेतून बदली होऊन आलेल्यांना तर हे आणखी गोंधळात टाकतं, कारण तिथे लाल कॅन पेट्रोलचा आणि निळा रॉकेलचा असतो. पाट्यांवरही तोयू म्हणजे रॉकेल आणि केइयू म्हणजे डिझेल ही जोडी आहे, आणि दोन्हींचं शेवटचं अक्षर एकच. लिपी नवी असेल तर फोनवर रॉकेलच्या पाटीचा फोटो ठेवा आणि जुळवून पाहा. रॉकेलचा पंप सहसा गाड्यांच्या पंपांपासून वेगळा, कोपऱ्यात असतो, हीसुद्धा एक खूण.

प्लास्टिकच्या या डब्यात पेट्रोल भरणं जपानात बेकायदा आहे. सेल्फ सर्व्हिस पंपावर ग्राहकाला पेट्रोल कुठल्याच डब्यात स्वतः भरता येत नाही. फेब्रुवारी २०२० पासून तर डब्यात पेट्रोल देताना कर्मचाऱ्याने ओळखपत्र पाहायचं आणि कशासाठी हवं ते विचारायचं असा नियम आहे. तरीही पेट्रोल हीटरमध्ये जातं, आणि ते बऱ्याचदा घरातूनच. बर्फ उडवायच्या किंवा गवत कापायच्या यंत्राचं पेट्रोल कुणीतरी रॉकेलसारख्याच डब्यात भरून शेडमध्ये ठेवलेलं असतं.

पेट्रोलचं एवढं का, तर रॉकेल दिसायला पाण्यासारखं आणि जपानातलं पेट्रोल नारिंगी रंग दिलेलं, पण खरा फरक वागण्यात आहे. द्रव स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. रॉकेलच्या पृष्ठभागावर पेटण्याइतकी वाफ जमायला साधारण ४० अंश तापमान लागतं. पेट्रोलची तेवढी वाफ उणे ४० अंशांनाही तयार असते, म्हणजे होक्काइदोच्या बर्फातसुद्धा. हीटरच्या टाकीत पेट्रोल मिसळलं आणि हीटर तापला की टाकीच्या वरच्या भागात वाफेचा दाब वाढतो. तो दाब तेलाला खालच्या तबकात ढकलतो, तबक भरून वाहतं, आणि सांडलेल्या तेलाशेजारी ज्योत जळत असते. हे पेटवल्या पेटवल्या घडेलच असं नाही. थोडा वेळ सगळं ठीक चालतं, आणि म्हणूनच माणूस गाफील राहतो.

शंका आली तर तपासायची एक साधी रीत आहे. आजूबाजूला कुठेही आग नसताना, मोकळ्या हवेत, बोटाच्या टोकाला एक थेंब लावून फुंकर घाला. पेट्रोल झटकन उडून बोट कोरडं पडतं. रॉकेल ओलंच राहतं, तेलकट लागतं. तरीही खात्री नसेल तर ते तेल वापरू नका, पंपावर नेऊन सांगा. ‘थोडंसंच मिसळलं असेल’ हा हिशेब इथे चालत नाही.

आणताना डबा गाडीत उभा ठेवायचा, दोन्ही झाकणं घट्ट. ट्रेनमधून रॉकेल न्यायला बंदी आहे, झाकण कितीही घट्ट असलं तरी. घरी आल्यावर डबा उन्हापासून आणि हीटरपासून लांब, अंधाऱ्या जागी ठेवा. आणि आपली एक जुनी सवय इथे सोडून द्या: रॉकेल पाण्याच्या बाटलीत काढून ठेवण्याची. लहान मूल ते पाणी समजून पितं. तसं झालंच तर उलटी करवू नका, दूध किंवा मिठाचं पाणी पाजू नका. उलटीबरोबर रॉकेल फुप्फुसात शिरलं तर ते पोटातल्यापेक्षा कितीतरी वाईट. ११९ ला फोन करा, तो जपानात आग आणि ॲम्ब्युलन्स दोन्हींसाठी चालतो.

तेल भरताना

नियम एका ओळीचा आहे: हीटर विझवा, टाकी काढा, दुसऱ्या जागी नेऊन भरा. आता टाकी काढली की नवे हीटर आपोआप विझतात, मग आधी विझवायचं कशाला? कारण विझल्यावरही बर्नर बराच वेळ तापलेला असतो, आणि आपोआप विझण्याची सोय ही शेवटची तटबंदी आहे, रोजचं बटण नाही. तेल भरायची जागा शक्यतो दाराजवळची फरशी किंवा बाल्कनी असावी, गालिच्यावर नको. ही गालिच्याची गोष्ट नीट समजून घ्या. वर सांगितलं की ४० अंशांखाली रॉकेल सहज पेटत नाही. पण ते खरं आहे डब्यातल्या तेलाबद्दल. वात काय करते, तर तेल वर ओढून त्याचा पातळ थर आगीसमोर आणते, आणि तो पातळ थर लगेच तापून पेटतो. गालिचा, टॉवेल, स्वेटरची बाही यांवर रॉकेल सांडलं की तीसुद्धा वातच झाली.

डब्यातून टाकीत तेल काढायला हातपंप मिळतो: वर रबरी फुगा, खाली दोन नळ्या. फुगा दोन-तीनदा दाबला की तेल वाहायला लागतं आणि मग दाबायचं थांबवलं तरी वाहतच राहतं, कारण डबा वर आणि टाकी खाली असते. थांबवायला फुग्याच्या वरची झडप सैल करायची, म्हणजे नळीत हवा शिरून धार तुटते. पहिल्यांदा वापरणारे घाबरून नळीच उपसतात आणि फरशीवर थारोळं करतात. आधी पाण्याच्या बादल्या घेऊन एकदा करून पाहायला हरकत नाही, फक्त मग पंप पूर्ण वाळवा, रॉकेलमध्ये पाणी जाऊ देऊ नका. टाकी भरली की स्वतः थांबणारे सेलवरचे पंपही मिळतात. मी सरळ तेच सुचवेन. तरी भरताना तिथून हलायचं नाही. फोन वाजला तर वाजू दे.

टाकीवर काच किंवा खूण असते, तिच्या पुढे भरू नका. कारण असं की रॉकेल तापलं की फुगतं. बाल्कनीतलं शून्य अंशाचं तेल ५ लिटर भरलं आणि ते खोलीत २० अंशांना आलं, तर त्याचं आकारमान जवळपास १०० मिलीलिटरने वाढतं. त्याला टाकीत जागा नसेल तर ते बाहेर येणार.

मग झाकण. सुटी निघणारी टाकी कशी चालते ते कळलं की झाकणाचं महत्त्व आपोआप कळतं. कोंबड्यांना पाणी ठेवायची उलटी बाटली पाहिली असेल: ताटलीत पाणी कमी झालं की बाटलीत हवेचा बुडबुडा जातो आणि तेवढंच पाणी खाली येतं. हीटरची टाकीही अशीच उलटी बसते. झाकणात स्प्रिंगची झडप असते, हीटरमधली खुंटी ती दाबते, तेल तबकात उतरतं, आणि तबकातल्या तेलाने तोंड झाकलं की थांबतं. या सगळ्याचा भरवसा एकाच गोष्टीवर: टाकी हवाबंद असणं. झाकण तिरकं बसलं असेल तर टाकी उलटी करताक्षणी सगळं तेल एकदम खाली येतं, आणि तुम्ही त्या वेळी तापलेल्या बर्नरच्या अगदी वर उभे असता. जुन्या हीटरच्या आगींमागचं हे ठरलेलं कारण. म्हणून झाकण लावल्यावर भरायच्या जागीच, फडक्यावर, टाकी उलटी धरून पाहा. थेंब पडला तर पुन्हा लावा. तोंडावरचं, बाजूचं तेल पुसून काढा आणि मगच हीटरमध्ये बसवा.

नवी वात घातली असेल किंवा हीटर पूर्ण कोरडा पडला असेल तर तेल भरून अर्धा तास थांबा. वात खालपर्यंत भिजू दे. कोरडी वात पेटवली की ती स्वतःच जळते.

हवा

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि इथे थोडं गणित करू.

या हीटरना धुराडं नसतं. जे जळतं ते सगळं खोलीतच राहतं. एक लिटर रॉकेल पूर्ण जळायला साधारण १० घनमीटर हवेतला सगळा प्राणवायू लागतो. सहा तातामीची खोली, म्हणजे जपानातली नेहमीची लहान खोली, धरली तर तिच्यात जवळपास २४ घनमीटर हवा असते. अडीच किलोवॅटचा हीटर तासाला पाव लिटर तेल जाळतो. म्हणजे खोली पूर्ण हवाबंद धरली तर तासाभरात तिच्यातला दहावा हिस्सा प्राणवायू संपला: २१ टक्क्यांवरून १९ च्या खाली. आणि बाहेर ०.०४ टक्के असणारा कार्बन डायऑक्साईड १ टक्क्याच्या वर गेला. खरी खोली इतकी हवाबंद नसते हे खरं. जुनं लाकडी घर तर सगळीकडून गळतं, आणि ज्या फटींना आपण शिव्या देतो त्याच तिथे सांभाळून घेतात. नवा काँक्रीटचा फ्लॅट मात्र या गणिताच्या बराच जवळ जातो. जुलै २००३ नंतर बांधलेल्या घरांत चोवीस तास चालणारा हवा खेळवायचा पंखा कायद्याने असतो, पण ‘गार हवा येते’ म्हणून लोक तोच बंद करून ठेवतात.

प्राणवायू कमी पडू लागला की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. याला रंग नाही, वास नाही. रॉकेलचा वास येतो म्हणून वासाने कळेल अशा भ्रमात राहू नका, तो वास वेगळा. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे हवेत तो थोडा असला तरी रक्तात साचत जातो. सुरुवात डोकेदुखीने होते, मग मळमळ, चक्कर, पायांतलं बळ गेल्यासारखं. सर्दी-तापाची चाहूल वाटावी अशीच ही लक्षणं, म्हणून माणूस पांघरूण घेऊन त्याच खोलीत झोपतो. वास्तविक बाहेर पडायला हवं. हवेतल्या दर दहा लाख भागांत ८०० भाग एवढा वायू असेल तर पाऊण तासात डोकं दुखून मळमळायला लागतं आणि दोन तासांत शुद्ध हरपते. ओळखायची खूण: घरातल्या सगळ्यांचं डोकं एकाच वेळी दुखतंय, आणि बाहेर मोकळ्यावर गेलं की बरं वाटतंय. अशा वेळी खिडक्या उघडा, हीटर विझवा, सगळ्यांना बाहेर काढा, ११९ ला फोन करा. कुणी झोपेतून उठत नसेल तर ती थकलेली झोप आहे असं समजू नका.

उपाय साधा आहे, तासातून एकदा-दोनदा काही मिनिटं खिडकी उघडायची. जमल्यास समोरासमोरच्या दोन फटी, म्हणजे हवा पटकन आरपार जाते. यावर सगळ्यांचं एकच म्हणणं: मग तेल जाळून काय उपयोग, सगळी ऊब निघून जाते! पुन्हा आकडे पाहू. त्या २४ घनमीटर हवेला शून्यापासून २० अंशांपर्यंत तापवायला लागणारी उष्णता मिळते सुमारे १६ मिलीलिटर रॉकेलमधून, म्हणजे चहाचे तीन चमचे. हीटरला त्याला चार मिनिटं लागतात. खोलीतली खरी ऊब भिंतींत, जमिनीत, फर्निचरमध्ये साठलेली असते, आणि ती पाच मिनिटांत कुठेही जात नाही. म्हणजे हवा पूर्ण बदलली तरी खर्च तीन चमच्यांचा. एवढ्या तेलासाठी खिडकी बंद ठेवणाऱ्याला काटकसरी म्हणता येणार नाही.

खिडकी उघडायचं आणखी एक कारण आहे. रॉकेलमधल्या हायड्रोजनचं पाणी होतं, आणि एक लिटर रॉकेल जळलं की एक लिटरहून थोडं जास्तच पाणी वाफेच्या रूपात खोलीत येतं. ते गार काचांवर जमतं, ओघळतं, पडद्यामागे आणि कपाटाच्या पाठीला काळी बुरशी धरते. शिवाय ज्वलनात नायट्रोजन डायऑक्साईडही थोडा तयार होतो, दम्याच्या माणसाला तो त्रास देतो. घरात दमेकरी किंवा तान्हं बाळ असेल तर मी हा हीटर रोजच्या वापराला घेणार नाही, एसी आणि जाड पांघरुणं बरी.

झोपताना हीटर विझवायचा. यात ‘पण’ नाही. थंडी फार असेल तर बिछान्यात गरम पाण्याची पिशवी घ्या. मोनॉक्साईडचा अलार्म सेलवर चालणारा मिळतो, तो जरूर लावा, पण खिडकीच्या ऐवजी नव्हे.

पेटल्यावर

वातीच्या स्टोव्हमध्ये ज्योतीवर धातूचं किंवा काचेचं एक नळकांडं बसवलेलं असतं. पेटवल्यावर त्याची मूठ धरून दोन-तीनदा डावी-उजवीकडे हलवा, म्हणजे ते खोबणीत नीट बसतं. ते तिरकं असलं तर एका बाजूने पिवळी ज्योत उंच जाते, काजळी धरते, आणि मोनॉक्साईडही तिथेच वाढतो. पहिली पाच-दहा मिनिटं समोर थांबून ज्योत सारखी झाली का ते पाहायचं.

भोवती चहूबाजूंनी आणि वर मोकळी जागा हवी, समोर किमान मीटरभर. पडदा, गादी, वर्तमानपत्रांचा गठ्ठा लांब. वर दोरी बांधून कपडे वाळत घालणं हा पावसाळ्यातला आपला जुना शिरस्ता, थंडीत तो फार मोहात पाडतो. ओला कपडा जड असतो म्हणून दोरीवर नीट राहतो. वाळला की हलका होतो, गरम हवेने हलतो, आणि खाली पडतो. शरीरावर मारायचा स्प्रे, ड्राय शॅम्पू, जेवणाच्या टेबलावरच्या शेगडीचं गॅसचं नळकांडं यांतलं काहीही फॅन हीटरसमोर ठेवू नका. तापून फुटतं आणि आतला वायू पेटणारा असतो. केसांच्या स्प्रेमधलं सिलिकॉन तर फॅन हीटरच्या ज्योत ओळखणाऱ्या दांड्यावर पांढरं साचतं आणि हीटर उगाच बंद पडायला लागतो. कंपनीकडे तक्रार करण्याआधी ड्रेसिंग टेबल कुठे आहे ते पाहा.

वर किटली ठेवून चहा करण्याबद्दल काय? पुस्तिकेत परवानगी असेल तर पाण्याची किटली ठेवतात, जपानी घरांत ते नेहमीचं दृश्य आहे. दुधाचा चहा मात्र उतू जातो आणि बर्नरमध्ये शिरतो. तळण तर अजिबात नको. भूकंपाचा झटका आला तर स्टोव्ह स्वतः विझेल, कढई विझणार नाही.

ती भूकंपाची सोय अशी आहे: आत तोल साधून ठेवलेलं वजन असतं, जोराचा धक्का बसला की ते हलतं आणि स्प्रिंग सुटून वात झटक्यात खाली जाते. तुम्ही स्टोव्ह आदळला तरीही ती चालते. पण वात खाली जायची तर ती अडकता कामा नये. इथे जुन्या तेलाचा संबंध येतो.

रॉकेल उन्हात, उकाड्यात राहिलं की खराब होतं, पिवळसर पडतं, आंबट वास येतो. असं तेल जाळलं की वातीच्या टोकावर डांबरासारखा कडक थर धरतो. मग वात वर येत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे पूर्ण खाली जात नाही. स्टोव्ह विझवला असं तुम्हाला वाटतं, पण ज्योत तेवतच राहते. तेल तपासायला पारदर्शक पेल्यात ते घ्या, शेजारी तशाच पेल्यात पाणी ठेवा आणि मागे पांढरा कागद धरा. पाण्याशेजारी जरासाही पिवळा रंग दिसला तर ते वापरायचं नाही. हिवाळाभर अधूनमधून वात रिकामी खाली-वर करून पाहा, आणि विझवण्याची कळ हातानेही चालते ना तेही.

काही बिघडलंच तर

तेल सांडलं तर आधी हीटर विझवा, खिडक्या उघडा, मग कागदाने आणि जुन्या फडक्यांनी टिपून घ्या. व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, त्याच्या मोटरची ठिणगी पुरते. अंगावरचे भिजलेले कपडे ताबडतोब बदला, रॉकेलने कातडी सोलवटते. ते कपडे धुतल्यावरही गरम हवेच्या ड्रायरमध्ये घालू नयेत, दोरीवर वाळवा.

हीटर पेटलाच, म्हणजे ज्योत बाहेर आली, तर तो उचलून बाहेर न्यायचा मोह होतो. तो टाळा. चालताना तेल हिंदकळतं, आग अंगावर येते आणि पळायच्या वाटेवरच पसरते. जवळ अग्निशामक असेल तर तो वापरा, नसेल किंवा आग छताकडे निघाली असेल तर दार ओढून घेऊन बाहेर पडा आणि ११९. हीटर घेताना त्याच खरेदीत एक लहान अग्निशामक घ्या आणि तो दारापाशी ठेवा, हीटरच्या मागे नाही.

मार्च-एप्रिलमध्ये थंडी ओसरली की टाकीत उरलेलं तेल जाळून संपवा, तबकातलं हातपंपाने उपसा, सेल काढा. वातीवरचा थर जाळायला काही स्टोव्ह मुद्दाम कोरडे पडेपर्यंत चालवतात, पण सुती वातीला ते चालत नाही, पुस्तिका पाहूनच करा. डब्यात राहिलेलं तेल पुढच्या वर्षासाठी ठेवू नका आणि बेसिनमध्ये किंवा गटारात ओतू नका. जिथून घेतलं त्या पंपावर विचारा, बरेच जण परत घेतात. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी १८ लिटरचा पूर्ण डबा भरण्याऐवजी अर्धाच भरा.